जड धातूंचा प्रवास

पुण्याहून सोलापूरमार्गे हैदराबादला जाणाऱ्या महामार्गावर काही मालमोटारींवर टोकावर उभ्या चौकोनाची खूण आणि चार आकडी क्रमांक दिसतो. धोकादायक मालासाठी असा फलक केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार आवश्यक आहे. हा क्रमांक संयुक्त राष्ट्रांच्या यादीतला असतो. त्या यादीत मालाचे नऊ वर्ग आहेत. शिसे आणि पारा या दोन धातूंवरून हे वर्गीकरण समजून घेऊ.

प्रथम वजन पाहू. शिशाची घनता दर घन सेंटिमीटरला ११.३ ग्रॅम आहे. सहा मीटर लांब व २.४ मीटर रुंद हौद्यात १० टन शिशाच्या लगडी एकमेकींना चिकटवून पसरल्या, तर थर होईल जेमतेम ६ सेंटिमीटरचा! गाडी रिकामी वाटेल, पण भार पुरा झालेला असेल. म्हणून लगडी एका जागी न रचता, सर्व आसांवर भार विभागेल अशा ठेवून घट्ट बांधाव्या लागतात. नाहीतर ब्रेक लागताच जडत्वामुळे त्या पुढे घसरतील.

वर्ग मात्र वजनावरून ठरत नाही. माल बाहेर सांडला तर तो काय करील, यावरून ठरतो. मोटारीच्या बॅटरीत शिशाबरोबर गंधकाम्ल असते, म्हणून तिचा क्रमांक २७९४ आणि वर्ग ८, म्हणजे क्षरणकारी. शिशाचे नायट्रेट मात्र वर्ग ५ मध्ये येते (क्रमांक १४६९), कारण ते ज्वलनाला ऑक्सिजन पुरवते. शिवाय ते विषारी आहे. धातू एकच, पण रूप बदलले की धोका बदलतो.

पाऱ्याचा क्रमांक २८०९. त्याचाही वर्ग ८. पारा तर आम्ल नव्हे, मग असे का? ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा संरक्षक पापुद्रा असतो. तो कोठे खरवडला गेला, तर तेथे पारा व ॲल्युमिनियम यांचे संमिश्र बनते आणि धातू पोखरत जातो. विमानाच्या सांगाड्यात ॲल्युमिनियम असते, हे लक्षात घ्या. लोखंड मात्र पाऱ्यात जवळजवळ विरघळत नाही. म्हणून पारा आट्यांच्या झाकणाच्या पोलादी बाटलीत भरतात. रूढ बाटलीत ३४.५ किलोग्रॅम पारा मावतो, म्हणजे फक्त अडीच लिटर. पंधरा लिटरचा पत्र्याचा डबा पाऱ्याने भरला, तर पाऱ्याचेच वजन २०४ किलोग्रॅम होईल, आणि तळावर पाण्याच्या १३.६ पट दाब पडेल. असा डबा उचलणार कोण, आणि त्याचे सांधे टिकणार कसे?

हेच ज्ञान घरीही उपयोगी पडते. इन्व्हर्टरची जुनी बॅटरी द्यायची असेल, तर ती उभीच ठेवा. तिच्या टोकांवर विद्युतरोधक पट्टी लावा, म्हणजे पाना किंवा तार लागून ठिणगी पडणार नाही. वजन हलके करण्यासाठी आतले आम्ल गटारात ओतू देऊ नका. त्यात शिशाचा गाळ असतो, आणि थोडे शिसेही लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला घातक ठरते. बॅटरी अधिकृत विक्रेत्याकडेच परत करा. वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी २०२२ च्या नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे. पण ती त्यांच्यापर्यंत न सांडता पोचवणे आपल्या हाती आहे.