दारावरील तोरण : चौकट जुनी, लोंबी नवी

कोकणात आश्विन महिन्यात हळवे भात तयार होताच दारावर ‘नवे’ बांधण्याची चाल आहे. भाताची लोंबी, नाचणीचे कणीस, आंब्याचे पान, झेंडू व कुरडूचे फूल यांची ही जुडी घराच्या दारास, विहिरीस व अवजारांस बांधतात. पुष्कळ घरी ती पुढील वर्षीचे ‘नवे’ येईपर्यंत तशीच राहते. चाल सुंदर आहे. परंतु तिच्यामुळे बियाण्यास धोका पोहोचू नये म्हणून काही दक्षता घेणे अगत्याचे आहे.

धोका कोणता?

एका शेतकऱ्याच्या घरी कणगीतील बियाण्यावर पाखरे उडत होती. कणगी नवी होती आणि भातही नीट वाळविलेले होते. शोध घेता दारावरील जुन्या तोरणातील दाण्यांना बारीक गोल भोके आढळली. त्या वर्षी त्यांची रोपवाटिका विरळ उगवली व शेजाऱ्याकडून रोप मागून आणावे लागले.

धान्यावरील पतंग गवती रंगाचा व आकाराने लहान असतो. मादी दाण्यावर अंडी घालते. अळी दाण्यात शिरून आतील भाग खाते व तेथेच कोष करते. पतंग बाहेर पडला म्हणजेच गोल भोक दिसते. उष्ण हवेत ही एक पिढी सुमारे चार-पाच आठवड्यांत पुरी होते. ही कीड शेतात उभ्या पिकावरच लागू शकते. म्हणून वरून चांगली दिसणारी लोंबीही निर्धोक समजू नये. दारावरील मूठभर दाणे हे किडीस वर्षभराचे वसतिस्थान होते.

कायमची दोरी

तोरणाचा पाया एकदाच करावा. तीन फूट रुंदीच्या दारास सुमारे चार फूट काथ्याची दोरी घ्यावी व दोन्ही टोकांस फास करावेत. पाने व लोंब्या दोरीचा पीळ उकलून त्यात खोचाव्यात, म्हणजे दोरी न तोडता त्या बदलता येतात. लोखंडी तार पावसाळ्यात गंजते, म्हणून वापरू नये.

ऋतुमानाप्रमाणे बदल

चैत्र : पाडव्यास कडुलिंबाचे डहाळे व आंब्याची पाने खोचावीत, वाळताच काढावीत.

ज्येष्ठ-आषाढ : या दिवसांत पाला बुरसतो. सर्व पाला उतरवून दोरी धुवावी व पूर्ण वाळवून कोरड्या जागी ठेवावी.

भाद्रपद : गणपतीस ताजी आंब्याची पाने लावावीत.

आश्विन : लोंब्या, कणसे, झेंडू व कुरडू लावावेत. आंब्याचे शेंडे मात्र मोडू नयेत. मोहोर पक्व फांदीच्या शेंड्यावर येतो. शेंडा मोडल्यास तेवढा मोहोर कमी होतो. आतील जुनी पाने देठासह एकेक खुडावीत.

लोंबी कोणती घ्यावी?

बियाण्यासाठी राखलेल्या खाचराच्या मधल्या भागातील लोंब्या तोरणास घेऊ नयेत. बांधालगतच्या ओळींत इतर जातींची भेसळ होण्याचा संभव असतो. ते भात बियाण्यास नको, पण तोरणास चालते. लोंबी निवडण्याच्या निमित्ताने सर्व खाचरात फिरून वेगळ्या जातीची व रोगट झाडे काढून टाकावीत.

लोंबी केव्हा बदलावी?

गरव्या भाताचे बियाणे कणगीत भरण्यापूर्वी दारावरील लोंबी उतरवावी. दाणे झाडून कोंबड्यांस घालावेत. घरातील वडील माणसांस दार रिकामे ठेवणे रुचत नसल्यास दाणे काढलेली रिकामी लोंबी पुन्हा दोरीत खोचावी. दाणा नसल्यास पतंगाची वाढ होत नाही, आणि चालही मोडत नाही. बियाणे 13 टक्क्यांपेक्षा कमी ओलावा राहील इतके वाळवून मगच साठवावे.

कुरडूची वाळलेली फुले उकिरड्यावर टाकू नयेत. त्यांतील बारीक काळे बी खतावाटे शेतात जाते व तण माजते. ती जाळून टाकावीत.

ग्रामसेवकांसाठी

हे काम भाषणाने होणारे नाही. दिवाळीनंतर गावातील चार-पाच घरी जाऊन, घरच्यांची संमती घेऊन, तोरणातील लोंबी पांढऱ्या कापडावर झाडावी व भोके पडलेले दाणे सर्वांना दाखवावेत. स्वतःच्या दारातील दाणा पोकळ निघालेला पाहिला म्हणजे अधिक सांगावे लागत नाही. तोरण घरातील भगिनीच बहुधा करतात. बियाण्याची निगाही त्यांच्याच हाती असते. म्हणून हे प्रात्यक्षिक त्यांच्यासमोर अवश्य करावे.

दारावर लोंबी बांधावयाची ती घरात धान्य नांदावे म्हणून. त्या लोंबीनेच कणगीस कीड लावू नये, इतकी काळजी प्रत्येकाने घ्यावी.