रविवारी सुई हातात घ्यावी का?



रविवारी शिवणकाम किंवा विणकाम केले तर पाप लागते का, हा प्रश्न मला अजूनही विचारला जातो. विचारणाऱ्या बहुधा वयस्कर माता असतात. लहानपणी कधीतरी आजीने रविवारी त्यांच्या हातातली सुई काढून घेतलेली असते आणि ती धास्ती अजून गेलेली नसते. तरुणांना हा प्रश्नच पडत नाही. त्यांचे म्हणणे वेगळे : "फादर, बाजारात तयार मिळते ते घरी करत बसायचे कशाला?" या दोन्ही प्रश्नांचा आज एकत्र विचार करू या.

आजीची भीती उगाच नव्हती. १९१७ च्या ख्रिस्तसभेच्या कायद्यात रविवारी आणि आज्ञेच्या सणांना दास्यकर्मे वर्ज्य होती. दास्यकर्म म्हणजे अंगमेहनतीचे, एके काळी गुलामांकडून आणि नोकरांकडून करून घेतले जाणारे काम. म्हणून लिहिणे-वाचणे चालत असे, नांगर धरणे चालत नसे. शिवणकाम साधारणपणे दास्यकर्मात मोडे. चित्र काढणे कशात मोडते यावर जुन्या नीतिशास्त्रज्ञांनी बराच काथ्याकूट केला आहे. आज त्याचे हसू येते. पण मूळ हेतू चांगला होता. शेतावरच्या गड्याला आणि घरच्या मोलकरणीला आठवड्यातून एक दिवस तरी मालकाच्या हाकेपासून सुटका मिळावी, हा तो हेतू.

१९८३ च्या नव्या कायद्याने (कलम १२४७) कामांची ती वर्गवारी बाजूला ठेवली. देवाच्या उपासनेच्या आड येणारे, प्रभूच्या दिवसाच्या आनंदाच्या आड येणारे, किंवा मनाला आणि शरीराला हवी ती विश्रांती हिरावून घेणारे काम टाळावे, असे आता सांगितले आहे. कायद्याच्या पुस्तकात आनंदाचा उल्लेख आहे, हे विसरू नये.

म्हणजे प्रश्न सुईचा नाहीच. तारापूरच्या कारखान्यात आठवडाभर पाळ्या केलेला माणूस मिस्साहून घरी आला आणि दुपारी ओटीवर बांबूच्या कामट्या काढून टोपली विणत बसला, तर तो विसावाच घेत आहे. सोमवारी गिऱ्हाइकाला ब्लाउज द्यायचे म्हणून मिस्सा चुकवून दिवसभर शिलाई मशीन चालवणे ही निराळी गोष्ट. अर्थात घरची चूल त्यावरच पेटत असेल, तर ख्रिस्तसभा त्या बाईला दोषी धरत नाही. तिला नाइलाजाने राबावे लागते याचा विचार आपण बाकीच्यांनी करायचा आहे.

निर्गमाच्या पुस्तकातला ३१ वा अध्याय या दृष्टीने घरी जरूर वाचावा. देव मोशेला सांगतो की बसालेल नावाच्या माणसाला मी माझ्या आत्म्याने भरले आहे. हा बसालेल राजा नव्हता, संदेष्टाही नव्हता; सोने, चांदी, पितळ, लाकूड यांचे काम करणारा कारागीर होता. पुढे ३५ व्या अध्यायात सूत कातणाऱ्या स्त्रियांचाही मानाने उल्लेख येतो. पवित्र आत्म्याच्या कृपादानांची यादी करताना आपण हातातली कसब सहसा मोजत नाही. आता गंमत पाहा. बसालेलचे काम सांगून झाल्याबरोबर, त्याच अध्यायात, देव शब्बाथाची आज्ञा देतो. साक्षात देवाचा निवासमंडप उभारायचा असला, तरी सातव्या दिवशी हत्यारे खाली ठेवायची. आणि कारण काय? देवाने स्वतः विसावा घेतला आणि तो ताजातवाना झाला.

आता तरुणांच्या प्रश्नाकडे वळू. विकत मिळते ते घरी का करावे? तत्त्वज्ञानाच्या वर्गात असाच एक प्रश्न फार मोठ्या स्वरूपात शिकवला जातो : देवाने जग का निर्माण केले? त्याला कशाची उणीव होती म्हणून नव्हे. जग नसते तरी देवाचे काही अडत नव्हते. तरीही त्याने ते केले, आणि उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात तो केलेल्या कामाकडे पुन्हा पुन्हा पाहतो आणि ते चांगले आहे असे त्याला दिसते. गरज नसताना, नफा नसताना, केवळ चांगले व्हावे म्हणून केलेले काम हे असे निर्मात्याच्या कामाच्या जवळ जाते. दुकानात वस्तू मिळते. ती करून झाल्यावर क्षणभर हात थांबवून तिच्याकडे पाहणे मिळत नाही.

आपल्याच डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा मशे यांचे उदाहरण घ्या. लहानपणी आई गेली आणि या मुलाची वाचाच बंद झाली. कित्येक वर्षे तो मातीत चित्रे काढून आपले म्हणणे सांगत असे. वारली समाजात लग्नघराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहिण्याचे काम सवाशिणींचे. लग्न झाले की ते काम संपले. मशे मात्र १९७० च्या दशकापासून, लग्न नसताना, विधी नसताना, रोज चित्रे काढू लागले. पुढे ती चित्रे देशोदेशी गेली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१८ मध्ये ते वारले. पद्मश्रीची गोष्ट सगळे सांगतात. मला मातीत चित्र काढणारा तो अबोल मुलगा अधिक महत्त्वाचा वाटतो. त्याला बक्षीस द्यायला तेव्हा कोणी आलेले नव्हते.

तेव्हा मुलगी कागदाची फुले करत बसली, मुलगा दुधी पोखरून तारपा करायचा प्रयत्न करू लागला, तर "याचे पैसे किती येणार?" असे लगेच विचारू नका.

संत थॉमस अक्विनास यांनी एक जुनी कथा दिली आहे. संत योहान आपल्या शिष्यांबरोबर खेळत बसलेले पाहून काही लोकांना ते खटकले. तेव्हा योहानने त्यांच्यातल्या एका धनुर्धाऱ्याला बाण मारायला सांगितले, पुन्हा पुन्हा मारायला लावले आणि विचारले, "असे न थांबता मारत राहशील का?" तो म्हणाला, "धनुष्य मोडेल." माणसाच्या मनाचेही तसेच आहे, असे योहानने त्यांना सांगितले.

राहिला स्वयंपाक. नाताळचे फुगे तळणे, पातोळ्यांसाठी हळदीची पाने निवडणे, वाणगावच्या मिरच्या वाळवून वर्षाचा मसाला करणे यात आनंद आहेच. पण हा आनंद कोणाचा, हेही पाहायला हवे. रविवारी पुरुष मटण आणून देतात आणि आडवे होतात. बाईला मात्र प्रवचन चालू असतानाच वाटणाची काळजी लागलेली असते. तिच्यासाठी तो छंद नाही, सातव्या दिवसाचेही काम आहे, आणि वर सांगितलेले कलम १२४७ तिलाही लागू होते. पुनरुत्थानानंतर तिबिर्याच्या सरोवराकाठी शिष्य रात्रभर राबून थकून आले, तेव्हा निखाऱ्यांवर मासळी आणि भाकर तयार होती (योहान २१). ती प्रभूने स्वतः केली होती. या रविवारी घरातल्या मुलांनी आणि त्यांच्या वडिलांनी चूल सांभाळावी. मीठ कमीजास्त झाले तर चालेल.

आणि ज्या माता सुईबद्दल विचारतात, त्यांनी दुपारी खुशाल विणावे. कबुलीत ते सांगायची गरज नाही.

तुमचा,
धर्मगुरू