वीस मिनिटांचे विमान कुठे आहे?

प्रश्न : आईला छत्रपती संभाजीनगरहून दिल्लीच्या विमानात बसवायचे आहे. नांदेड ते संभाजीनगर हवाई अंतर २१५ किमी, उड्डाण सुमारे वीस मिनिटांचे, असे मोबाइलवर दिसते. मग नांदेडहून विमानानेच गेलो तर?
– एक वाचक, पिंगळी (जि. परभणी)

उत्तर : आकडा खरा, पण तो नकाशावर पट्टी ठेवून काढलेला. दोन विमानतळांमधले सरळ अंतर भागिले विमानाचा वेग, एवढाच हिशेब. त्या मार्गावर विमान जाते की नाही, हे त्यात पाहिलेलेच नसते. प्रत्यक्षात धावपट्टीपर्यंत जाणे, वर चढणे, उतरणे धरले, तर एवढ्या अंतरालाही पाऊण तास लागतो. शिवाय पिंगळीहून नांदेड म्हणजे पन्नासेक किमी उलट दिशेला! (ती सरळ रेषा परभणीच्या जरा उत्तरेवरूनच जाते, हा भाग वेगळा.)

तुम्ही परभणी गाठा. तिथून तपोवन किंवा मराठवाडा एक्सप्रेसने साधारण तीन तासांत संभाजीनगर. चिकलठाणा विमानतळ शहरातच, जालना रस्त्यावर आहे.

जपायचे ते एवढेच : देशांतर्गत विमानाचा चेक-इन काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो. रेल्वे आणि विमानाची तिकिटे वेगळी, त्यामुळे गाडी रखडली तर विमान कंपनी जबाबदार नाही. मध्ये निदान चार तास ठेवा. सकाळचे विमान असेल तर आदल्या दिवशीच निघा. तिकीट काढण्यापूर्वी नांदेडहून थेट दिल्लीचे विमान सध्या आहे का, तेही पाहा. वेळापत्रके हंगामागणिक बदलतात.