दगडी घरातील बिनतारी इंटरनेट : क्षीणतेची कारणे व उपाय

गुलबर्गा (१ नोव्हेंबर २०१४ पासून अधिकृत नाव कलबुर्गी) व बिदर हे दोन्ही जिल्हे दगडाचे आहेत. शहाबाद, चित्तापूर व सेडम परिसरातील चुनखडीची फरशी दूरवर प्रसिद्ध आहे, तर बिदर शहर जांभ्या दगडाच्या पठारावर वसलेले आहे. साहजिकच आळंद, बसवकल्याण, भालकी, औराद या सीमाभागातील जुनी घरे जाड दगडी भिंतींची आहेत. कोठे माळवद, तर कोठे फरशीचे छत आढळते. उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर गेला तरी ही घरे आतून थंड राहतात. परंतु उष्णतेला दारात थोपविणारी हीच भिंत बिनतारी इंटरनेटच्या लहरींनाही अडविते. बैठकीत उत्तम चालणारे वाय-फाय माजघरात रेंगाळते आणि मागील खोलीत नाहीसे होते, हा अनेक कुटुंबांचा अनुभव आहे.

हा केवळ करमणुकीचा प्रश्न नाही. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा पाठ घरोघरी मोबाइलवर आले. शिष्यवृत्तीचे अर्ज, परीक्षांची प्रवेशपत्रे, जमिनीचे उतारे व बँकेचे व्यवहारही आता पडद्यावरच पार पाडावे लागतात. अभ्यासाची शांत खोली बहुधा घराच्या आतील भागात असते आणि संदेश नेमका तेथेच क्षीण होतो. अशा वेळी पुष्कळ कुटुंबे अधिक वेगाची महाग योजना घेतात. दोष भिंतीचा असेल, तर हा खर्च व्यर्थ होय.

प्रथम निदान

उपायापूर्वी दोष कोठे आहे हे ठरविणे आवश्यक आहे. बाहेरून घरात येणारी इंटरनेट जोडणी आणि घरात लहरी पसरविणारे वाय-फाय या दोन भिन्न गोष्टी आहेत. राउटरजवळ उभे राहून वेग मोजावा. शक्य असल्यास संगणक तारेने राउटरला जोडून मोजावा. तेथेही वेग कमी असेल, तर दोष बाहेरील जोडणीत अथवा राउटरमध्ये आहे व सेवा पुरविणाऱ्याकडे तक्रार करणे योग्य. तेथे वेग चांगला व आतील खोलीत कमी असेल, तर दोष घरातील प्रसारणाचा समजावा.

यानंतर कागदावर घराचा साधा आराखडा काढून प्रत्येक खोलीत एकाच मोबाइलने संदेशशक्ती मोजावी. त्यासाठी मोफत अ‍ॅप उपलब्ध आहेत. हे मापन उणे अंकात मिळते. उणे ५० च्या आसपासचा संदेश उत्तम, उणे ६५ पर्यंतचा समाधानकारक, तर उणे ७५ च्या खालचा दुर्बल समजावा. प्रत्येक ठिकाणी तीन वेळा मोजून मधला आकडा लिहावा. दरवाजे उघडे होते की बंद, याचीही नोंद ठेवावी.

लहरी का क्षीण होतात ?

बिनतारी लहरी भिंतीपार जाऊ शकतात, ही गोष्ट नवी नाही. १८९५ साली कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये जगदीशचंद्र बोस यांनी अशा लहरी भिंतीपलीकडे पाठवून घंटा वाजविली व बंदुकीची दारू पेटवून दाखविली. मात्र भिंत ओलांडताना लहरींच्या शक्तीचा काही अंश परावर्तित होतो व काही शोषला जातो.

हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. राउटरजवळ संदेश उणे ४० आहे आणि प्रत्येक भिंत त्यातून १० डेसिबेल घेते, असे समजू. १० डेसिबेल घट म्हणजे शक्ती एकदशांश होणे. पहिल्या भिंतीनंतर उणे ५०, दुसरीनंतर उणे ६० आणि तिसरीनंतर उणे ७० उरेल. म्हणजे मूळ शक्तीचा केवळ एक सहस्रांश. अंतरामुळे होणारी घट निराळी. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की शक्ती एक चतुर्थांश होते. भिंत जाड व ओलसर असेल तर तिचा वाटा आणखी वाढतो, कारण पाणी या लहरी शोषून घेते. पावसाळ्यात मातीच्या भरावाच्या भिंतीआड संदेश अधिक खालावतो, त्याचे एक कारण हेच. लोखंडी कपाट, पत्रे, मोठा आरसा व पाण्याची टाकी हेही मोठे अडथळे आहेत.

सध्याचे बहुतेक राउटर दोन पट्ट्यांत चालतात. २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील लहरींची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर, तर ५ गिगाहर्ट्झच्या लहरींची सुमारे साडेपाच सेंटिमीटर असते. पहिला पट्टा भिंतीतून तुलनेने बरा जातो, पण त्याचा वेग कमी व त्यात गर्दी फार. दुसरा वेगवान, परंतु जाड भिंतीपुढे लवकर हार खाणारा. भारतात २.४ गिगाहर्ट्झ पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त करण्यात आला, तर ५ गिगाहर्ट्झ पट्ट्याचा मोठा भाग २०१८ मध्ये खुला झाला. तात्पर्य, राउटरच्याच खोलीत ५ व आतील खोल्यांत २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरणे सामान्यतः हितकर ठरते.

बिनखर्ची उपाय

पहिला उपाय राउटरची जागा बदलण्याचा. दगडी घरात राउटर पुष्कळदा कोनाड्यात ठेवला जातो. जागा सोयीची खरी. पण तेथे पाठीमागे, वर, खाली व दोन्ही बाजूंस दगड असतो, आणि उन्हाळ्यात यंत्र तापते ते निराळेच. राउटर घराच्या मध्यभागी, पुरुषभर उंचीवर, उघड्यावर व शक्यतो दोन खोल्यांमधील दरवाजाच्या समोर ठेवावा. दगडी घरात लहरींचा खरा मार्ग भिंत नसून दरवाजा, खिडकी व चौक हा होय. घरास मधला चौक असेल, तर चौकाकडे तोंड असलेल्या खिडकीतील राउटर चारही बाजूंच्या खोल्यांना उपयोगी पडू शकतो. मात्र तो पावसापासून सुरक्षित असावा.

राउटरच्या उभ्या दांड्या लहरी मुख्यतः आडव्या दिशेने पसरवितात. दांडीच्या थेट वर व खाली संदेश कमी असतो. माडी असलेल्या घरात एक दांडी उभी व एक आडवी ठेवून पाहावी. २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात १, ६ व ११ या वाहिन्या परस्परांत मिसळत नाहीत. शेजारी कोणती वाहिनी वापरतात हे अ‍ॅपवर पाहून त्यांतील मोकळी निवडावी. मायक्रोवेव्ह भट्टीही याच पट्ट्याच्या आसपास चालते. म्हणून राउटर तिच्यापासून दूर ठेवावा.

अधिक शक्तीच्या राउटरचा मोह मात्र टाळावा. संवाद दुहेरी असतो. राउटरचा आवाज मोबाइलपर्यंत पोहोचला, तरी मोबाइलचा क्षीण आवाज राउटरपर्यंत पोहोचलाच पाहिजे.

भिंतीपलीकडे तार

वरील उपायांनी काम न भागल्यास दुसरे यंत्र बसवावे लागते. स्वस्त रिपीटर मूळ संदेश ऐकून पुन्हा प्रसारित करतो. एकाच पट्ट्यात दोन्ही कामे करणाऱ्या रिपीटरमुळे वेग जवळजवळ निम्मा होतो. तो संदेश नाहीसा झालेल्या खोलीत बसवू नये; जेथे संदेश अद्याप समाधानकारक आहे अशा मधल्या जागी बसवावा. अनेक यंत्रांच्या मेश पद्धतीसही हाच नियम लागू आहे.

जाड भिंतींच्या घरात सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे तार. शंभर मीटरपर्यंत इथरनेटची तांब्याची तार संदेश विनासायास वाहून नेते. तिच्या टोकाला घरातील जुना राउटरही बसविता येतो. त्यासाठी त्याचा पत्ता मुख्य राउटरहून वेगळा करावा, त्याचे पत्ते वाटण्याचे काम (डीएचसीपी) बंद करावे आणि तार दोन्हीकडे लॅनच्या खाचेत जोडावी. दोन्ही यंत्रांचे नाव व परवलीचा शब्द एकच, पण वाहिन्या भिन्न ठेवाव्यात.

तारेसाठी जुन्या भिंतीस छिद्र पाडण्याची घाई करू नये. खिडकीची चौकट, झरोका किंवा विजेच्या तारांसाठी पूर्वीच असलेली वाट वापरावी. तार उन्हात जाणार असेल, तर बाहेरील वापरासाठी बनविलेलीच घ्यावी. उन्हाळ्याच्या अखेरीस या भागात वळवाचा पाऊस विजांसह येतो. म्हणून दोन स्वतंत्र इमारतींमध्ये तांब्याची तार उघड्यावरून नेऊ नये. तेथे काचतंतूची तार सुरक्षित. वीज खंडित होत असल्यास राउटरसाठी छोटा बॅटरी संच ठेवावा. त्याचा व्होल्ट राउटरवर लिहिलेल्या आकड्याशी जुळला पाहिजे.

लहरी घराबाहेरही जातात. यास्तव परवलीचा शब्द लांब ठेवावा व डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ हीच सुरक्षापद्धती निवडावी.

एकेक बदल करून प्रत्येक बदलानंतर आराखड्यावर पुन्हा आकडे नोंदवावेत. कोनाड्यातून दरवाजासमोर आलेल्या राउटरने आतील खोलीतील उणे ७८ चा आकडा उणे ६६ वर आणला, तर नव्या योजनेचे पैसे वाचले आणि अभ्यासाची खोलीही बदलावी लागली नाही. शाळांनी वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांकडून हा आराखडा प्रयोग म्हणून करवून घेतल्यास पदार्थविज्ञानाचा एक धडा घरच्या भिंतींवरच शिकविला जाईल, आणि त्याचा लाभ सबंध कुटुंबास मिळेल.