जामा मशिदीतलं तळं बघून ये

अगं, ब्लाउजपीस आणायला मंगळदास मार्केटात जायचं म्हणतेस ना, तर थोडा जास्तीचा वेळ काढून जा. मार्केटाला लागूनच, शेख मेमन स्ट्रीटवर, जामा मशीद आहे. जुनी माणसं तिला जुम्मा मशीद म्हणतात. मुंबईत आयुष्य काढलेल्या कितीतरी बायका तिच्या भिंतीलगतच्या दुकानांत लेस-बटणांचा भाव करतात, पण भिंतीपलीकडे काय आहे हे त्यांना ठाऊक नसतं. तुझं तसं होऊ नये असं मला फार वाटतं.

आत तळं आहे. खरंखुरं, खालच्या झऱ्यांवर जगणारं तळं. पूर्वेच्या मोठ्या दारातून आत गेलं की चौक लागतो आणि चौकापलीकडे हिरवट पाणी, त्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्या, पाण्यात फिरणारे मासे. वजू करायला माणसं पायऱ्यांवर बसलेली असतात, हात, तोंड, पाय धुतात. त्या पाण्यातूनच काळ्या दगडाच्या सोळा कमानी वर आल्यात आणि मशिदीचा भार त्यांनी पेललाय. कमानी 1874 सालच्या आहेत अशी जुन्या सरकारी गॅझेटियरमध्ये नोंद आहे. तळं त्याच्याही कितीतरी आधीचं.

या तळ्यासाठीच तू जावंस असं मी म्हणतेय. आधीची मशीद इथे नव्हती, ती किल्ल्याकडे होती. 1770च्या सुमारास इंग्रजांनी किल्ल्याभोवतीची जागा मोकळी करायला घेतली, तेव्हा ती पाडली गेली. नव्या मशिदीसाठी जागा मिळाली ती एका हिंदू व्यापाऱ्याची. बाग होती, मोकळी जमीन होती, मधोमध हे तळं होतं. जमीन देतो, पण तळं राखायचं, अशी त्याची अट होती. 1775मध्ये काम सुरू झालं, वाद आणि अडथळ्यांत रखडलं आणि 1802मध्ये पुरं झालं. तळं मात्र राखलं गेलं, ते आजवर.

याचं मोल कळायला आपल्या या शहराकडे बघ. धोबी तलाव, सी. पी. टँक, गोवालिया टँक, दो टाकी. सगळी एकेकाळची पाण्याची ठिकाणं, आता बसच्या पाट्यांवरची नावं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिवतापाच्या धास्तीने मुंबईतल्या विहिरी आणि तळी एकेक करून बुजवली गेली. पुढे दोन गल्ल्यांवर मुंबादेवी आहे, तिचंही तळं होतं, तेही गेलं. मशिदीतलं राहिलं. सव्वादोनशे वर्षं एका शब्दाखातर पाणी जपणारी माणसं मला फार मोठी वाटतात आणि हे मी तुला अगदी मनापासून सांगतेय.

ती माणसं कोण, तर आपल्या कोकणातली. ही मशीद बांधली कोकणी मुसलमानांनी आणि तिचा कारभार आजही त्यांच्याच जमातीच्या ट्रस्टकडे आहे. रत्नागिरी-रायगडच्या खाड्यांवरून आलेली ही मंडळी. गलबतांचे मालक, नाखवे, व्यापारी. मुहम्मद अली रोगे हे त्यांच्यातलं मोठं नाव. जमशेटजी जीजीभाईंचे ते व्यापारातले भागीदार. 1837मध्ये त्यांनी मशिदीवर मजला चढवला. त्यांच्या आडनावांत ‘कर’ आहे, घरात सांदणं होतात, बोलण्यात आपल्याच खाडीकडचे हेल आहेत. ‘ते लोक इकडचे नव्हेत’ असं कुणी ऑफिसात म्हणालं, तर हे आठव.

आणखी एक. कोकणी मुसलमान सुन्नीच, पण शाफई परंपरेचे. मुंबईतले बाकीचे बहुतेक सुन्नी हनफी परंपरेचे. शाफई रीतीत दुपारनंतरची असरची नमाज थोडी लवकर येते. वस्तूची सावली तिच्या उंचीएवढी लांबली की यांची वेळ होते, हनफींची सावली दुप्पट लांबल्यावर. रुकूला वाकताना आणि उठताना शाफई दोन्ही हात वर नेतात, हनफी नेत नाहीत. दोघं एकाच रांगेत खांद्याला खांदा लावून उभे राहतात, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. आपण बाहेरून बघतो तेव्हा सगळं एकसारखंच दिसतं, म्हणून सांगून ठेवलं.

आता कसं जायचं ते ऐक. मधल्या वारी जा, सकाळी अकराच्या सुमारास. रविवारी मार्केट बंद, शुक्रवारी दुपारी जुम्म्याची गर्दी. दुपारची जोहरची अजान व्हायच्या आत बाहेर पड. सैल सुती सलवार-कमीज घाल, पूर्ण बाह्यांचा, ओढणी मोठी घे. चपला चटकन काढता येतील अशा. फोन पर्समध्ये राहू दे. फोटो हवाच असेल तर आधी विचार, वजू करणाऱ्यांचा मुळीच काढू नकोस. आपण अंघोळ करताना कुणी कॅमेरा धरला तर कसं वाटेल? कुणी नमाज पढत असेल तर त्याच्यापुढून जायचं नाही, मागून वळसा घालायचा.

बाईमाणसाला कुठवर जाऊ देतील हे वेळेवर आणि दारावरच्या माणसावर ठरतं. म्हणून दारातच नीट सलाम करून विचार, ‘भाई, तळं बघायचंय, येऊ का?’ मराठीत विचार, बिचकू नकोस. कधी तळ्यापर्यंत सोडतील, कधी नाही म्हणतील. नाही म्हणाले तर तिथे वाद घालू नकोस, तू पाहुणी आहेस. मला याचं वाईट वाटतं, ते मी लपवत नाही. पुण्याच्या एका जोडप्याने यावरच सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती आणि 2020मध्ये मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डानेच न्यायालयाला सांगितलं की बायकांना मशिदीत नमाजाला यायला धर्माची मनाई नाही. ती लढाई त्या समाजातल्या बायका लढतायत. आपण त्यांच्या बाजूने असायचं, पण त्यांच्या वतीने दारात आवाज चढवायचा नाही.

मशिदीत जुन्या हस्तलिखितांचं ग्रंथालयही आहे, अरबी, फारसी, उर्दू ग्रंथांचं. तुझ्या त्या इतिहासवाल्या मैत्रिणीच्या कानावर घाल.

बाहेर आल्यावर लगेच टॅक्सी करू नकोस. मशिदीला वेढून जी दुकानं आहेत त्यांच्यापुढून चाल. पुढे झवेरी बाजार, मग मुंबादेवी. देवीचं मूळ देऊळही बोरीबंदराकडे होतं, तेही इंग्रजांच्या काळात तिथून हलवून इथे आणलं गेलं. देवी आणि मशीद, दोघीही आपल्या जागेवरून उठून याच गल्ल्यांत येऊन वसल्या. आईने ओटी भरून ये म्हटलंय ना, मग त्याच फेरीत भर. हातगाडीवाल्यांची ‘साइड, साइड’ अशी हाक आली की भिंतीला सरक, ते थांबू शकत नाहीत, गाडीवर ओझं असतं.

रमझानात मिनारा मशिदीपाशी मालपुवा खायला सगळी मुंबई लोटते. तूही जाशील, खुशाल जा. पण मुसलमान वस्तीत फक्त कबाबांसाठी जायचं आणि तिथल्या माणसांशी भाव विचारण्यापलीकडे बोलायचं नाही, हे मला पटत नाही. म्हणून पहिली भेट साध्या दिवसाची असू दे. अत्तराच्या दुकानात बस, मोगरा आणि खस मनगटावर लावून बघ, दुकानदाराला त्याचं गाव विचार. श्रीवर्धन-म्हसळ्याचा निघाला तर तुला चहा प्यायल्याशिवाय सोडणार नाही.

परतताना मशीद बंदर स्टेशन जवळ पडेल. त्या स्टेशनचं नाव या मशिदीवरून आलं असं लोक धरून चालतात, पण ते सॅम्युअल स्ट्रीटवरच्या बेने इस्रायलींच्या सिनेगॉगवरून पडलं असं मानलं जातं. 1796 सालचं आहे ते, आपल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंचं, दिवेकरांनी बांधलेलं. तिथेही जाऊ, पण ते दोघी मिळून. शनिवारी त्यांचा शब्बाथ असतो, तेव्हा तो वार सोडून कुठली सुट्टी मिळतेय ते मला कळव.