महर, कर्ज आणि रुपयाचे बदलते मोल

घरात एखादा जुना निकाहनामा जपून ठेवलेला असेल तर तो एकदा उघडून पाहा. १९३०च्या सुमारास झालेल्या निकाहात ‘महर सव्वाशे रुपये’ अशी नोंद असेल, तर आज ती वाचून हसू येईल. पण ती रक्कम ठरविणारे वडीलधारे कंजूष नव्हते. बदलले आहे ते रुपयाचे मोल.

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या काळात अरबस्तानात रोमन साम्राज्याचे सोन्याचे दीनार आणि इराणचे चांदीचे दिरहम चालत. पुढे हिजरी ७७ मध्ये उमय्या खलीफा अब्दुल मलिक यांनी सुमारे सव्वाचार ग्रॅम वजनाचा इस्लामी दीनार पाडला. नाण्याची किंमत त्याच्या धातूतच होती. म्हणूनच जकातचा निसाब, वीस दीनार सोने किंवा दोनशे दिरहम चांदी, आजही तराजूवर मोजता येतो.

आपला रुपयाही असाच होता. शेरशाह सूरीने चांदीचा रुपया रूढ केला. १८३५ पासून कंपनी सरकारचा रुपया एक तोळा वजनाचा असून त्यात बारा भागांपैकी अकरा भाग शुद्ध चांदी असे. या हिशेबाने १९३०चे सव्वाशे रुपये म्हणजे सुमारे १,३३६ ग्रॅम शुद्ध चांदी! १९४० मध्ये रुपयातील चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ मध्ये निकेलचा रुपया निघाला. जून १९६६ मध्ये अवमूल्यन होऊन डॉलरचा भाव ४.७६ रुपयांवरून ७.५० रुपयांवर गेला. ऑगस्ट १९७१ मध्ये अमेरिकेने डॉलरच्या बदल्यात सोने देणे थांबविले. आता नोटेमागे ठराविक वजनाचा धातू नाही. बाजारात नोटा वाढल्या आणि वस्तू तितक्या वाढल्या नाहीत, की नोटेची क्रयशक्ती घटते.

हा केवळ इतिहास नाही. १९८५ मध्ये पाच हजार रुपये महर कबूल करून तो अद्याप न देणारा पती आज तेवढेच पाच हजार देऊ लागला, तर पत्नीच्या हाती काय पडेल? महर हा तिचा हक्क आहे, पतीवरील कर्ज आहे.

फुकहांनी या प्रश्नाचा विचार फार पूर्वी केला आहे. तांब्याच्या नाण्यांचा भाव बदलला, तर इमाम अबू हनीफा (रह.) यांच्या मते तितकीच नाणी परत करावीत. इमाम अबू यूसुफ (रह.) यांनी मात्र व्यवहाराच्या दिवशीचे मूल्य धरले. १९८८ मध्ये कुवेत येथे आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने निर्णय दिला, की चलनातील कर्ज तितक्याच रकमेने फेडावे, ते महागाईच्या निर्देशांकाला बांधू नये. यात व्याजाचे दार बंद ठेवण्याचा हेतू आहे.

मग पत्नीवरील अन्याय कसा टळावा? शरीअतने तीन मार्ग मोकळे ठेवले आहेत. पहिला, महर निकाहाच्या वेळीच अदा करावा. दुसरा, तो उधार ठेवायचाच असेल तर सोन्या-चांदीच्या वजनात ठरवावा. हदीसनुसार प्रेषितांच्या (स.) पत्नींचा महर साधारणतः पाचशे दिरहम होता, म्हणजे तो चांदीतच ठरलेला होता. तिसरा, उशीर झालाच असेल तर पूर्वअट न ठेवता, स्वखुशीने अधिक द्यावे. प्रेषितांनी (स.) उसन्या घेतलेल्या उंटाच्या बदल्यात त्याहून चांगला उंट दिला आणि उत्तम रीतीने कर्ज फेडणाऱ्यास उत्तम माणूस म्हटले. अटीविना दिलेले हे अधिक व्याज नव्हे, तो एहसान आहे.

तेव्हा आज रात्री घरी हिशेब करा. महर बाकी असेल तर स्थानिक आलिमांचा सल्ला घ्या आणि तो फेडा. मुलामुलींचे निकाह ठरविताना महर किती रुपये, एवढेच विचारू नका. तो केव्हा आणि कोणत्या मापाने दिला जाणार, हेही विचारा. मापात खोट करणाऱ्या शुऐब (अलै.) यांच्या कौमचा अंत कुरआनने आपल्याला सांगितला आहे. अल्लाह आपणा सर्वांना हक्कदाराचा हक्क वेळेवर देण्याची तौफीक देवो. आमीन.