भातखाचरातील पाखड : ओळख व जीवनक्रम

भातपिकात उगवणाऱ्या वर्षायू गवतवर्गीय तणांपैकी पाखड हे एक अत्यंत उपद्रवी तण होय. शास्त्रीय परिभाषेत यास एकिनोक्लोआ कोलोना असे नाव असून सावा हे तृणधान्य याच्याच जातकुळीतील आहे. कोवळेपणी ते भातासारखेच दिसते व रोपांच्या मुठींतून नकळत खाचरात लावले जाते. म्हणून त्याचा जीवनक्रम समजून घेणे अगत्याचे आहे.

ओळख.— भाताचे पाते व खोडास वेढणारे आवरण यांच्या सांध्यावर पातळ, पांढरट जिभली व दोन्ही बाजूंस कानांसारखी केसाळ अंगे असतात. पाखडाच्या सांध्यावर यांपैकी काहीच नसते. त्याच्या बुंध्याशी पुष्कळदा जांभळट झाक असते. परंतु भाताच्या काही जातींतही हा रंग असल्यामुळे केवळ रंगावर विसंबू नये, सांधा पाहावा.

उगवण.— याचे बी जमिनीच्या अगदी वरच्या थरात, ओल व उजेड मिळताच रुजते. ६ सेंटिमीटर खोल गाडलेल्या बियांतून रोप बहुधा वर येत नाही. मात्र पुढील नांगरटीने तेच बी पुन्हा वर येऊ शकते. उगवणीच्या वेळी साचलेले पाणी त्यास मानवत नाही. यामुळे सपाट खाचरात ते कमी व उंचवट्यांवर अधिक आढळते. पाने एकदा पाण्याच्या वर आली म्हणजे पाण्याचा हा अडसर फारसा उरत नाही.

वाढ व बीजधारणा.— ज्वारी व मका यांच्याप्रमाणे पाखडासही कडक उन्हात हवेतील कर्ब वेगाने वापरण्याची शक्ती आहे. भातास ती नाही. यास पुष्कळ फुटवे येतात आणि जमिनीस टेकलेल्या पेरांना मुळे फुटतात. उगवणीनंतर साधारणतः चार ते सहा आठवड्यांत फुलोरा येतो. एका झाडास हजारोंनी बी धरते व ते भाताच्या कापणीपूर्वीच गळून पडते. ताजे बी काही काळ सुप्त राहत असल्यामुळे सर्व बी एकदम उगवत नाही.

प्रतिबंध.— या जीवनक्रमावरूनच उपाय ठरतात. राब भाजल्याने वरच्या थरातील बी पुष्कळसे नष्ट होते. पहिल्या पावसाने उगवलेले तण चिखलणीत गाडावे. खाचराची पातळी सारखी करून लावणीनंतर पाण्याचा उथळ थर राखावा. बेणणी फुलोऱ्यापूर्वी, म्हणजे लावणीपासून तीन-चार आठवड्यांच्या आत पूर्ण करावी. उपटलेले तण चिखलात टाकल्यास पुन्हा जीव धरते, म्हणून ते खाचराबाहेर काढावे. बी धरलेले तण बांधावरही टाकू नये. तणनाशक वापरणाऱ्यांनी वर्षानुवर्षे एकच औषध वापरू नये. ऑस्ट्रेलियात २००७ साली ग्लायफोसेटला न जुमानणारे पाखड आढळून आले, ही गोष्ट लक्षात ठेवावी.

कापणीच्या वेळी दिसणारे पाखड उपटून त्या हंगामात विशेष लाभ होत नाही, कारण त्याचे बरेचसे बी तोवर जमिनीत पोहोचलेले असते. याकरिता शेतकरी बंधुभगिनींनी लावणीच्या वेळी मुठी सोडतानाच संशयित रोपाचा सांधा पाहावा. तेथे जिभली नसल्यास ते रोप लावू नये.